पोरे टिकत नाहीत, की यंत्रे टिकवली जात नाहीत?

हिंगणा आणि बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत कारखानदारांची एक ठरलेली तक्रार ऐकू येते. आयटीआयची मुले घेतली, त्यांना काम शिकवले आणि सहा महिने होत नाहीत तोच ती निघून गेली. "आजकालची पोरे टिकत नाहीत." हे वाक्य मालकाच्या तोंडी असावे यात नवल नाही. परंतु उत्तर नागपुरातील आमच्या वस्त्यांत, जिथे बाप गिरणीत किंवा रेल्वेत तीस-तीस वर्षे एका जागी राबला, तिथेही आता बाप मुलाला हेच ऐकवू लागला आहे. पोरगा फिटर झाला, नोकरी लागली, घरोघरी पेढे वाटले आणि दिवाळीच्या आत तो घरी येऊन बसला. आई शेजारणीला सांगते, त्याचे मनच लागत नाही.

मन का लागत नाही, हे कोणी विचारत नाही. पगार कमी, भरती कंत्राटी, प्रवास लांबचा, ही कारणे आहेतच आणि ती खोटी नाहीत. पण या मुलांशी बोलताना आमच्या कानावर आणखी एक गोष्ट वारंवार येते. मशीन दिवसातून चारदा बंद पडते. सुटा भाग मागितला तर मिळत नाही. दोरी बांधून, पत्रा ठोकून पाळी काढायची. माल खराब निघाला की बोलणी मशीनवरच्या पोराला. वाचकहो, ही तक्रार आळशी माणसाची नव्हे. आळशी माणसाला तर मशीन बंद पडले याचा आनंदच व्हायला हवा! ही तक्रार काम करू इच्छिणाऱ्याची आहे, आणि नेमका तोच आधी सोडून जातो. ज्याच्या हातात कसब आहे त्याला दुसरे दार उघडे असते. ज्याला कोठेच जाता येत नाही तो मान खाली घालून उरतो. अशा रीतीने वाईट यंत्र चांगल्या माणसाला चाळून बाहेर टाकते.

खतावणीत नसलेले खाते

आम्ही कारकून माणसे. यंत्राच्या पोटातले आम्हाला फारसे कळत नाही, पण वहीतले कळते. वाणिज्य शाखेच्या पहिल्याच वर्षी शिकवतात की नवे यंत्र घेतले तर तो भांडवली खर्च, त्यावर वर्षानुवर्षे घसारा काढायचा. आणि जुन्या यंत्राला तेल, पट्टा, बेअरिंग लागले तर तो महसुली खर्च, त्याच वर्षाच्या नफ्यातून जायचा. यात एक मोठी गोम आहे. ज्या व्यवस्थापकाला यंदाचा नफा फुगवून दाखवायचा आहे, त्याच्या हाताशी सर्वांत सोपी ओळ असते ती "दुरुस्ती व देखभाल" ही. पगार कापला तर संघटना ओरडेल, कच्चा माल कापला तर उत्पादन थांबेल, वीज कापता येत नाही. यंत्राला तोंड नाही. त्याचे तेल कापले तर त्या दिवशी काहीच होत नाही.

वीसेक वर्षांपूर्वी आम्ही एका खासगी कारखान्याच्या हिशेबखात्यात काही काळ होतो. नाव सांगण्याचे कारण नाही. तेथे हीच ओळ एका वर्षी जवळजवळ निम्मी करण्यात आली आणि वर्षअखेरीस साहेबांचे कौतुकही झाले. आमच्याकडे हिशेबाबरोबर हजेरीपटही होता. पुढच्या उन्हाळ्यापासून त्यावर लाल खुणा वाढल्या. आधी सोमवारची दांडी, मग अर्ध्या पाळीची सुट्टी, मग एकेक नाव खोडणे. जी नावे खोडली गेली त्यांत जुने फिटर आधी होते. ते गेल्यावर यंत्राचा आवाज ओळखणारे कोणी उरले नाही. नवे आले ते पुस्तक पाहून पाना फिरवणारे. मग बिघाड आणखी वाढले.

पण या सगळ्याचे खाते खतावणीत कोठेच नव्हते. तेल वाचले त्याची रक्कम वहीत दिसते. अनुभवी माणूस गेला, नव्याला शिकवण्यात तीन महिने गेले, त्याने शिकताना माल नासवला, आणि शिकून होताच तोही गेला, याची एकत्र बेरीज करणारे खाते आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हते. म्हणून कारखानदाराला वाटते की पोरे आपोआप जातात.

जुम्मा तलावाकाठची गिरणी

हे सारे नागपूरला नवे नाही. या शहरातील पहिल्या मोठ्या कारखान्याची गोष्ट येथूनच सुरू होते.

जमशेटजी टाटांनी १८७४ साली सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा भर घालून घेतली आणि १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले गेले, म्हणून नाव पडले एम्प्रेस मिल. सुमारे ३०,००० चात्या आणि ४५० माग घेऊन ती सुरू झाली. व्यवस्थापक होते बेझनजी दादाभाई मेहता. हे गृहस्थ गिरणीतले नव्हेत, रेल्वेच्या मालखात्यातले. माणसे आणि माल हलवण्याची त्यांना सवय होती.

पहिली यंत्रे स्वस्त पाहून घेतलेली होती. सूत धड निघेना. जमशेटजींच्या चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे की त्या काळात रोज पाचातला एखादा कामगार गैरहजर असे. इंग्रज लोक यावरून लगेच अनुमान काढीत की मध्य प्रांतातला माणूसच सुस्त. पोटापुरते मिळाले की घरी बसतो. आजच्या "पोरे टिकत नाहीत" या वाक्याचा हा आजोबा म्हणायचा.

जमशेटजींनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी दंड वाढवला नाही. जुनी यंत्रे काढून चांगली आणली. अमेरिकेत निघालेली रिंग पद्धतीची चाती तेव्हा लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना पटत नव्हती. जमशेटजींनी १८८३ च्या सुमारास दोन साचे येथे आणून प्रयोग केला आणि तो पटताच मोठ्या प्रमाणावर ती चाती वापरात आणली. गिरणीत हवा खेळती राहावी, ओलावा राहावा यासाठी यंत्रणा बसवली. आगीवर आपोआप पाणी सोडणारे फवारे बसवले. १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी, १८९५ पासून अपघाताची भरपाई. अपघात भरपाईचा कायदा देशात आला तो १९२३ साली आणि भविष्यनिर्वाह निधीचा १९५२ साली, हे लक्षात घेतले म्हणजे या तारखांचे महत्त्व कळते.

ओलाव्याची गोष्ट थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण नागपूरच्या वाचकाला ती लगेच पटेल. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि हवा अशी कोरडी की अंगणातले ओले कपडे तासाभरात खडखडीत होतात. अशा हवेत कापसाचा तंतू ठिसूळ होतो आणि सूत तुटते. तुटलेला प्रत्येक धागा कामगाराला धावत जाऊन हाताने जोडावा लागतो. शेकडो चात्यांवर एक माणूस. ओलावा असेल तर तो तेवढ्याच पाळीत तेवढेच साचे शांतपणे सांभाळतो. नसेल तर संध्याकाळी त्याच्या पायाचे गोळे उठतात आणि सूत मात्र कमी भरते. तसेच रिंगवर फिरणाऱ्या त्या नखाएवढ्या ट्रॅव्हलरचे. किंमत म्हणाल तर नगण्य. तो झिजला की धागे तुटतात. तो वेळेवर बदलला की नाही, हे खात्यातल्या माणसाला वही न पाहता कळते, कारण त्याचे शरीरच ती वही असते.

मागावर तर हे आणखी सरळ आहे. विणकराला मजुरी मिळे ती विणलेल्या कापडाच्या मापाने. माग बंद म्हणजे मजुरी बंद. कापडात दोष निघाला तर दंड. मुंबईच्या काही गिरण्यांत तर खराब झालेले कापडच विणकराच्या माथी मारून त्याची किंमत पगारातून कापीत. दोष मागाचा, भुर्दंड माणसाचा! १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने अशा कपातींना काही लगाम घातला, परंतु मागाच्या बिघाडात बुडालेल्या वेळेची मजुरी कोण देणार, हा प्रश्न पुढेही भांडणाचा राहिला.

आम्ही टाटांचे स्तोत्र गायला बसलेलो नाही. मालकाने पेन्शन दिली ती गिरणी चालावी म्हणून दिली, आणि त्या पेन्शनच्या काळातही कामाचे तास अमानुष होते, स्त्रिया-मुले राबत होती. नागपुरात रा. स. रुईकरांसारख्यांना कामगारांच्या लढ्याचे नेतृत्व करावे लागले ते उगाच नव्हे. सांगायचे एवढेच की गैरहजेरी हा स्वभावाचा दोष आहे असे न मानता यंत्र, हवा आणि म्हातारपणाची भाकरी या तिन्हीकडे एकदम पाहणारा मालक या शहरात १८८० च्या दशकात होऊन गेला, आणि त्याच्या गिरणीत पुढे बापाची जागा मुलाने घेतली असे घर आमच्या वस्तीत शोधायला फार फिरावे लागत नाही. १९८६ साली ही गिरणी टाटांच्या हातून जाऊन राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली आणि २००२ साली बंद पडली. त्या जागेवर आता मॉल आहे.

धोटा आणि तोंड

आता अशा एका सुट्या भागाविषयी, ज्याने आपल्या समाजाचे फार नुकसान केले.

नागपूर भागातला महार समाज हातमागावर जाडेभरडे कापड विणत असे. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातींवर १९१६ साली जो ग्रंथ छापला, त्यातही ही नोंद आहे. गिरणीचे कापड आले आणि हा धंदा बसला. जी माणसे पिढ्यान्‌पिढ्या विणत होती ती गिरणीच्या दारात मजूर म्हणून उभी राहिली. साहजिकच वाटेल की विणाईच्या खात्यात त्यांना पहिली जागा मिळाली असेल. मुंबईच्या गिरण्यांत त्यांना नेमक्या त्याच खात्याचे दार बंद होते! विणाईत पगार जास्त, म्हणून तेथे सवर्ण. सूत कातण्याच्या खात्यात आपले लोक.

कारण दिले जाई ते धोट्याचे. धोट्यातील कांडी संपली की नवी भरायची आणि तिचा दोरा धोट्याच्या भोकातून बाहेर काढायचा. हा दोरा तोंडाने ओढून घेत. एकाने ओठ लावलेल्या धोट्याला पुढच्या पाळीचा दुसरा ओठ लावणार, मग विटाळ झाला! परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या मुंबईतील गिरणी संपाच्या वेळी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. कामगारांच्या एकजुटीची भाषा बोलणाऱ्यांनी आधी हे दार उघडावे, असा त्यांचा आग्रह होता.

येथे आम्हाला एक यंत्राचा मुद्दा मांडायचा आहे, तो सहसा कोणी मांडत नाही. तोंडाने दोरा ओढावा लागणार नाही असा धोटा जगात उपलब्ध होता. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ सालीच तोंडाने ओढण्याच्या धोट्यावर कायद्याने बंदी घातली होती, कारण त्यातून क्षयासारखे रोग पसरतात अशी भीती होती. इंग्लंडने नियम केले ते १९५२ साली. म्हणजे प्रश्न केवळ काही आण्यांच्या सुट्या भागाचा होता. तो बदलला असता तर विटाळाचे निमित्तही गेले असते आणि सवर्ण विणकराच्या छातीतही दुसऱ्याची थुंकी गेली नसती. पण मालकाला खर्च नको होता आणि सवर्ण कामगाराला निमित्त हवे होते. दोघांचे जमले.

१२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत हे बाबासाहेबांचे प्रतिपादन त्याच परिषदेतले, ते सर्वांना पाठ असते. त्यांनी तेथे रेल्वेच्या नोकऱ्यांची जी बारीक छाननी केली ती मात्र फारसे कोणी वाचत नाही. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून रुळांची निगा राखतो, उन्हापावसात खडी ठोकतो, पण स्टेशनात हमाल म्हणूनही त्याला घेत नाहीत, कारण हमालाला स्टेशन मास्तरच्या घरचे काम करावे लागते. वर्कशॉपात तो मेकॅनिक क्वचितच होतो, फोरमन होत नाही. म्हणजे देखभालीचे काम आपलेच. फक्त त्यातले हात काळे करण्याचे. हातात पाना, अंगावर जबाबदारी आणि पुढे बढती असलेली देखभाल दुसऱ्याची.

आमच्या मते "पोरे टिकत नाहीत" या प्रश्नाची मूळ गाठ येथे आहे. आपल्या देशात यंत्र चालवणारा एक आणि यंत्र पुसणारा दुसरा. चालवणाऱ्याला फडके हातात घेण्याची लाज, आणि पुसणाऱ्याला यंत्राविषयी बोलण्याचा अधिकार नाही. पुसणारा रोज यंत्राच्या अंगाला हात लावतो. कोठे तेल झिरपते, कोठे बोल्ट सैल झाला, कोठे कंप वाढला हे त्याला सर्वांत आधी कळते. पण त्याचे ज्ञान वर जात नाही, कारण तो सफाईवाला. श्रमाच्या विभागणीच्या नावाखाली माणसांचीच वरखाली वाटणी केली गेली, हे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडले. यंत्राजवळ उभे राहिले की त्या वाटणीचा तोटा रुपयांत मोजता येतो.

जपानने नेमके उलटे केले. टोयोटा समूहातील निप्पोनडेन्सो या कारखान्याने १९७१ च्या सुमारास देखभालीची एक नवी पद्धत रूढ केली आणि सेइची नाकाजिमा या गृहस्थांनी तिचा जगभर प्रसार केला. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला टीपीएम म्हणतात. नागपूरच्या मोठ्या कारखान्यांत काम करणाऱ्यांनी हे अक्षर भिंतीवरच्या फलकावर पाहिले असेल. तिचे सार असे: जो यंत्र चालवतो त्यानेच ते पुसावे, त्यानेच तेल घालावे, नट आवळावे, लहान बिघाड दुरुस्त करावा, कारण पुसणे म्हणजेच तपासणे. मोठ्या कामाला तज्ज्ञ फिटर, आणि त्याने चालवणाऱ्याला शिकवावे. यात यंत्र सुधारते हे उघड आहे. त्याबरोबर माणसाचेही काही बदलते. "कंपनीची मशीन" ती "माझी मशीन" होते. ज्याला आपल्या यंत्राचा आवाज ओळखता येतो, ज्याने सांगितलेला दोष दुसऱ्या दिवशी दुरुस्त होतो, तो माणूस पाचशे रुपये जास्त मिळतात म्हणून सहजासहजी शेजारच्या फाटकात जात नाही.

पण आमच्याकडे फलक आला, वृत्ती आली नाही. पुष्कळ ठिकाणी टीपीएम म्हणजे साहेब येणार त्या दिवशी रंगरंगोटी आणि कंत्राटी मुलांच्या हातात झाडू. कामाचा बोजा वाढवायचा पण सुटा भाग मागण्याचा अधिकार द्यायचा नाही, असे केले तर ती जुनीच सफाईगिरी नव्या नावाने. मुले हे लगेच ओळखतात. त्यांच्या आजीने-आजोबांनी झाडू कसा खाली ठेवला हे घरात ऐकूनच ती मोठी झालेली असतात.

जॉबरच्या हातातला पाना

दुरुस्ती कोणाची आधी होते, हाही प्रश्न साधा नाही. जुन्या गिरण्यांत जॉबर हा एकच माणूस भरती करी, हजेरी पाही आणि यंत्रही नीट करी. १९३१ साली अहवाल देणाऱ्या मजूर विषयक रॉयल कमिशनने जॉबरच्या या अफाट सत्तेवर आणि लाचखोरीवर बरेच लिहिले आहे. कमिशनचे लक्ष लाचेवर होते. आम्हाला त्यातला पाना महत्त्वाचा वाटतो. ज्याने जॉबरचा हात ओला केला, जो त्याच्या जातीचा, गावचा, त्याचा माग आधी सुरू. बाकीचे ताटकळत. मजुरी मापावर असल्याने ताटकळणे म्हणजे उपास. आमच्या ओळखीचे एक निवृत्त गिरणी कामगार म्हणतात, "पगार मालक देत होता, पण किती द्यायचा ते जॉबर ठरवत होता."

जॉबर गेले. आता वार्षिक कंत्राटावर दुरुस्ती देतात. बाहेरची एजन्सी, फोन केला की चार तासांनी येणार. यंत्रावरच्या पोराला झाकण उघडायची मनाई. आयटीआयमध्ये दोन वर्षे फिटरचे काम शिकलेल्या मुलाने बंद यंत्रासमोर हात बांधून उभे राहायचे आणि पाळीचे उत्पादन भरले नाही म्हणून शेरा घ्यायचा. मग तो शिकलाच कशाला?

आणि हे नुसत्या कंटाळ्यापुरते राहत नाही. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळला काय झाले ते जग जाणते. त्याआधीची काही वर्षे मात्र या विषयासाठी पाहावी लागतात. तोट्याचे कारण सांगून त्या कारखान्यात काटकसर चालू होती. विषारी रसायन थंड ठेवणारी यंत्रणा काही महिने बंद होती. निसटलेला वायू जाळणाऱ्या मनोऱ्याच्या नळीचा गंजलेला भाग काढून ठेवला होता, नवा बसवला नव्हता. पाळीतील माणसे निम्म्यावर आणली होती. आणि अनुभवी ऑपरेटर एकेक करून दुसरीकडे निघून गेले होते. देखभाल आटते आणि जाणती माणसे जातात, या दोन गोष्टी एकाच वेळी कशा चालतात, एक दुसरीला कशी ओढते, हे इतक्या भयंकर रीतीने दुसरीकडे क्वचितच दिसले असेल. मेले ते भिंतीबाहेरच्या झोपड्यांतले लोक.

हक्काची बाजू

जुलै १९४२ मध्ये नागपुरात अखिल भारतीय शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली आणि त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे प्रमुख झाले. त्यांच्या त्या चार वर्षांत कारखान्यातील कामगाराला पगारी रजा मिळाली, आणि १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. सभांमधून चौदा तासांचे आठ केले असे ठोकून सांगतात. कायद्यातले आकडे सांगितले तरी बाबासाहेबांचे काम लहान होत नाही. तास कमी होणे ही यंत्रासाठीही चांगली गोष्ट होती. सलग चालणाऱ्या यंत्राला थांबा मिळाला तरच त्याची निगा होते, आणि थकलेल्या माणसाला सैल झालेला बोल्ट दिसत नाही.

१९४८ च्या कारखाने कायद्याने देखभालीची काही कामे मालकाच्या मर्जीवर न ठेवता सक्तीची केली. फिरत्या भागांना कुंपण, उचलयंत्राची ठरावीक मुदतीत तपासणी, चालू यंत्रावर स्त्रिया व अल्पवयीनांना तेल घालायला किंवा पुसायला मनाई. भोपाळनंतर १९८७ च्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांत सुरक्षा समिती आली. तीत कामगार आणि व्यवस्थापन यांचे प्रतिनिधी समसमान. हा कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. समितीची तरतूद तीतही आहे. संहितेने कामगाराचे काय भले-बुरे केले यावर वेगळे लिहावे लागेल. पण अशा समितीवर कामगारांच्या बाजूने कोण बसतो, हे आपल्या मुलांनी विचारायला सुरुवात केली पाहिजे. बहुतेक ठिकाणी ते नाव साहेबच सुचवतो.

घरातल्या मंडळींनाही एक विनंती. मुलगा नोकरी सोडून आला की लगेच त्याच्या चंचलपणाची चर्चा करू नका. दोन प्रश्न विचारा: यंत्र किती वेळा बंद पडत होते, आणि तू सांगितलेले कोणी ऐकत होते का? आमच्या भगिनींना हे प्रश्न विचारायला कोणी शिकवण्याची गरज नाही. शिवणयंत्राला रविवारी तेल घातले नाही तर बुधवारी ब्लाउजची शिवण कशी उसवते आणि गिऱ्हाइकाची बोलणी कोणाला बसतात, हे त्यांना चांगले ठाऊक आहे.

आणि नोकरीवर असलेल्या मुलांसाठी एक कारकुनी सल्ला. खिशात मावेल अशी एक वही ठेवा. यंत्र केव्हा बंद पडले, कोणता भाग गेला, कोणाला किती वाजता सांगितले, केव्हा सुरू झाले. रोज चार ओळी. अशा वहीच्या जोरावर एका मुलाचा पगारकपातीचा मेमो मागे घेतला गेलेला आम्ही पाहिला आहे. पर्यवेक्षक तोंडी म्हणत होता की यंत्र ठीक होते, आणि पोराच्या वहीत सतरा दिवसांच्या नोंदी होत्या. तो मुलगा आजही त्याच कारखान्यात आहे. त्याच्या साच्याचे बेअरिंग मात्र त्या मेमोनंतर आठ दिवसांनी बदलले गेले.